हाताची विद्या

कारखान्यात माणसे शिकविण्याचे काम हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि त्यात एखाद्याचे सबंध उमेदीचे आयुष्य समाधानाने खर्ची पडू शकते, ही गोष्ट आमच्या पिढीत फार थोड्यांना ठाऊक होती. यंत्रावर उभा राहणारा कामगार, त्याच्यावर देखरेख करणारा फोरमन, मालाची तपासणी करणारा निरीक्षक, हजेरी आणि पगाराचा हिशेब ठेवणारा कारकून, हे सारे हुद्दे लोकांच्या परिचयाचे होते; परंतु दिवसभर स्वतः एकही वस्तू न बनविता इतरांना ती बनविण्यास शिकविणाऱ्या माणसाला काय म्हणावे आणि त्याची योग्यता कशावरून ठरवावी, याविषयी खुद्द कारखान्यातही एकमत नसे. औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून मी पिंपरीच्या बाजूच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालो, यथावकाश कायम झालो, काही वर्षे लेथवर काढली, आणि मग एके दिवशी कामगार खात्याकडून मला प्रशिक्षण विभागात निदेशक म्हणून पाठविण्याचा हुकूम आला. बरोबरीच्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली. उत्पादनाबाहेर गेलेला माणूस बढतीच्या यादीबाहेरही गेला, असा त्या काळचा रोकडा समज होता, आणि तो अगदीच निराधार होता असे नाही. यंत्रावर ज्यांचे काही ना काही बिनसले होते अशा माणसांना त्या विभागात आणून बसविण्याची वहिवाट तेथे पूर्वीपासून होती. मला मात्र तो हुकूम हाती पडला तेव्हा आनंदच झाला, आणि त्या आनंदाचे कारण माझ्या घरात होते.

माझे वडील परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात कामाला होते. ते काम कसे शिकले, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले होते. गावाकडून आलेला मुलगा प्रथम एखाद्या नातलगाच्या साच्याजवळ नुसता उभा राही. तुटलेला धागा कसा सांधावा, कांडी कशी बदलावी, हे डोळ्यांनी टिपावे, नातलग चहाला गेला की चार हात मारून पाहावेत, आणि असे काही महिने बिनपगारी गेल्यानंतर जॉबरची मर्जी बसली तर बदली कामगार म्हणून नाव लागावे, असा तो शिरस्ता होता. जॉबर हा त्या काळच्या गिरणीतला सर्वशक्तिमान पुरुष. भरती त्याच्या हाती, काम शिकू देणे न देणे त्याच्या हाती, आणि काढून टाकणेही त्याच्याच हाती. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटले आयोगाने जॉबरच्या या अधिकारावर आणि त्यातून बोकाळलेल्या लाचखोरीवर नेमके बोट ठेवले होते, आणि कामगारांच्या भरतीसाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारसही केली होती. वडिलांनी जॉबरला काय दिले, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. परंतु पोटापुरते काम शिकायलासुद्धा कोणाची तरी मर्जी संपादन करावी लागते, ही गोष्ट त्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिली होती, आणि ती नकळत माझ्याही मनात उतरली होती. म्हणून जेव्हा मला कळले की आता मला पगार मिळणार आहे तो केवळ शिकविण्याचा, कोणाची मर्जी न पाहता, यादीत ज्याचे नाव आहे त्या प्रत्येकाला सारखेच शिकविण्याचा, तेव्हा मला त्या हुद्द्यात मोठी प्रतिष्ठा दिसली.

हा बदल घडवून आणण्यात कायद्याचा वाटा फार मोठा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विशिष्ट व्यवसायांत उमेदवार घेण्याचे बंधन कारखान्यांवर घातले, त्यांची मुदत ठरवून दिली, विद्यावेतन ठरविले, अभ्यासक्रम आखला, आणि मुदतीच्या अखेरीस परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तजवीज केली. कायद्याची कलमे वाचताना ती रुक्ष वाटतात; परंतु गिरणीत बिनपगारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या मुलाने ती वाचली म्हणजे त्यांतला आशय ध्यानात येतो. शिकणे हा उपकार राहिला नाही, करार झाला. आणि करारात दोन्ही बाजूंना हक्क असतात. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्याकडे नगर, बीड, उस्मानाबादकडची जी मुले उमेदवार म्हणून आली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी त्या विद्यावेतनावर चूल पेटत होती. विद्यावेतनाला एक दिवस उशीर झाला की त्यांचे चेहरे उतरत, आणि मी लेखा विभागाकडे तगादा लावून ते काढून घेई. निदेशकाच्या कामांच्या यादीत हे काम लिहिलेले नव्हते, तरी त्याखेरीज बाकीच्या शिकविण्याला अर्थ नव्हता.

आता शिकविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याकडे वळतो, कारण या व्यवसायाविषयी बाहेर जे बोलले जाते त्यात हाच भाग बहुधा गाळला जातो. माझ्या हाती पहिल्यांदा आलेली पद्धती ही कारखान्यांतील प्रशिक्षणाची टी. डब्ल्यू. आय. नावाने ओळखली जाणारी पद्धती होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या कारखान्यांना नव्या माणसांची तातडीने गरज भासली, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षकाने काम शिकविण्याचा एक चार टप्प्यांचा क्रम बसविला होता; 1940 नंतर दुसऱ्या महायुद्धात त्याच क्रमावर आधारून तेथील सरकारने लक्षावधी पर्यवेक्षकांना शिकविण्याची कला शिकविली, आणि युद्ध संपल्यावर ती देशोदेशी पसरली. शिकणाऱ्याचे मन तयार करावे, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि नंतर त्याच्यावर नजर ठेवीत हळूहळू आधार काढून घ्यावा, असा तो क्रम. वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. खरी मेहनत त्याच्याही आधीची आहे. जे काम शिकवायचे त्याचे पृथक्करण करून एक तक्ता तयार करावा लागतो. डाव्या रकान्यात कामाच्या पायऱ्या लिहावयाच्या, आणि उजव्या रकान्यात प्रत्येक पायरीचे मर्म, म्हणजे जे साधले तर काम बनते आणि चुकले तर बिघडते किंवा हात जायबंदी होतो, ते लिहावयाचे. डावा रकाना कोणीही अर्ध्या तासात भरू शकतो. उजवा रकाना भरण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि ती कशी गेली हे एका उदाहरणाने सांगितले तर बरे होईल.

आमच्याकडे दंडगोल ग्राइंडिंगच्या यंत्रावर एक वयस्क कामगार होते. सारा विभाग त्यांना मामा म्हणे. पोलादी दांड्याचा व्यास शतांश मिलिमीटरच्या मर्यादेत आणून सोडण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि तपासणी खात्यातून त्यांचा जॉब परत आला असे क्वचितच होई. त्याच यंत्रावर, त्याच चाकाने, त्याच जातीच्या पोलादावर शिकाऊ मुले काम करीत, तेव्हा मात्र निम्मे दांडे नापास होत. आणि आश्चर्य असे की यंत्रापाशी त्यांनी मायक्रोमीटर लावला असता माप बरोबर भरे, तपासणीच्या टेबलावर गेल्यावर मात्र तोच दांडा लहान निघे. मुले म्हणत, तपासणीवाले खोड काढतात. तपासणीवाले म्हणत, मुलांना माप घेता येत नाही. मी मामांना विचारले, तर ते म्हणाले, "मास्तर, त्यात सांगण्यासारखं काय आहे? हाताला कळतं."

मी त्यांच्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसू लागलो. चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकायचे आणि त्याचा नाद ऐकायचे. नाद खणखणीत आला तर चाक निर्दोष, बद्द आला तर आत तडा आहे असे समजून ते बाजूला ठेवायचे. हे मला ठाऊक होते. शेवटच्या काही शतांशांसाठी ते चाक अगदी अल्प अल्प पुढे घेत, आणि अखेरीस ते पुढे न घेताच टेबल तसेच मागेपुढे फिरू देत, ठिणग्या विझत विझत नाहीशा होईपर्यंत. हेही माझ्या ध्यानात आले, आणि उमेदवार मुले नेमकी ही घाई करून टाळतात हेही दिसले. परंतु तेवढ्याने मापातील तफावतीचा उलगडा होईना. पुढे माझ्या लक्षात आले की शेवटचे माप घेण्यापूर्वी मामा दर वेळी यंत्र थांबवून, दांडा फडक्याने पुसून, पाणी प्यायला जातात. फोरमनच्या दृष्टीने ती टंगळमंगळ होती. एकदोनदा त्याने तसा शेराही मारला होता. मी मामांना विचारले, "मामा, तहान नेमकी याच वेळी कशी लागते?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "त्याला जरा दम खाऊ द्यायचा असतो. तापलेला असतो ना तो. तापल्या अंगाचं माप खरं येत नाही."

सगळे रहस्य तेवढ्यात होते. पन्नास मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा वीस अंशांनी तापला तर सुमारे एक शतांश मिलिमीटर फुगतो, हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील प्रसरणाचे गणित मीही पाठ केलेले होते. परंतु ते गणित आणि मामांचे पाणी पिणे यांची सांगड घालण्याची बुद्धी मला तोवर झाली नव्हती, आणि मामांना तर ते गणित कोणी सांगितलेच नव्हते. मुले गरम दांडा मोजून माप जुळले म्हणून सोडून देत, आणि तो निवाला की आकसून लहान होई. मी तक्त्याच्या उजव्या रकान्यात लिहिले: शेवटच्या मापापूर्वी जॉब निवू द्यावा, आणि त्यापुढे कारण लिहिले. पुढल्या तुकडीपासून नापास दांडे झपाट्याने कमी झाले. तक्त्याच्या तळाशी मी मामांचे नाव घातले होते. तो यंत्राशेजारी टांगला गेल्यावर ते चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचीत होते. सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्या तक्त्याची एक प्रत मागून घेतली.

या प्रसंगाने मला माझ्या व्यवसायाचे खरे स्वरूप समजले. कारखान्यात ज्ञान असते ते बव्हंशी पुस्तकात किंवा अभियंत्याच्या आराखड्यात नसते. वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकाच यंत्राशी संसार केलेल्या माणसांच्या हातात, कानात आणि सवयीत ते साठलेले असते. ते त्यांना स्वतःला सांगता येत नाही, कारण ते आपण जाणतो हेच त्यांना ठाऊक नसते. आणि ज्या दिवशी ते निवृत्त होतात, त्या दिवशी ते ज्ञान कारखान्याच्या फाटकातून त्यांच्याबरोबर बाहेर पडते. ते त्यांच्या हातून काढून शब्दांत उतरविणे, आणि शब्दांतून पुन्हा एका नव्या मुलाच्या हातात घालणे, हे काम करणारा कोणीतरी मधे असावा लागतो. तो मधला माणूस होण्यात मला जे सुख मिळाले ते उत्तम जॉब काढण्याच्या सुखाहून, आणि लेथवर असताना तेही मी भोगलेले होते, अधिक खोल होते.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात पुढे जे मोठे शब्द आले त्यांच्याकडे मी याच अनुभवाच्या उजेडात पाहिले. 1975 साली लार्सन अँड टुब्रो या कंपनीने उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अध्यापकांच्या मार्गदर्शनाने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभारला, आणि हळूहळू देशभरच्या उद्योगांत ती कल्पना रुजली. कामगाराच्या अंगच्या शक्तींचा विकास व्हावा, त्याच्या कामाचे मूल्यमापन त्याला समजावून सांगितले जावे, त्याला पुढची वाट दिसावी, हा तिचा गाभा. आणि तो मला मनापासून पटलेला आहे. आमच्या खात्यात एक मदतनीस होता. क्रेनखाली माल लावणे, चिप उचलणे, यंत्रे पुसणे, ही त्याची कामे. चौथीनंतर त्याची शाळा सुटली होती. संध्याकाळची पाळी सुटल्यावर तो आमच्या वर्गाच्या दाराशी घुटमळे. त्याला आत बोलावून मी आराखडा वाचायला शिकविला. प्रथम एक ठोकळा हातात देऊन, समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, बाजूने कसा दिसतो हे कागदावर काढायला लावले, आणि जेव्हा त्याने वरून दिसणाऱ्या चित्रातली तुटक रेघ पाहून "हे भोक खालच्या अंगाला आहे" असे आपणहून ओळखले, तेव्हा मला कळून चुकले की या माणसाला मदतनीस म्हणून ठेवणे हा अपव्यय आहे. पुढे रीतसर अर्ज, शिफारस, चाचणी असे सारे सोपस्कार होऊन तो ड्रिलिंग यंत्राचा चालक झाला. त्याच्या बढतीची फाइल ज्या टेबलांवरून गेली त्या प्रत्येक टेबलापाशी मी उभा राहिलो होतो.

पर्यवेक्षकांना शिकविणे हे त्याहून अवघड. फोरमन बनतो तो बहुधा उत्तम कारागीर असतो म्हणून. परंतु माणसे सांभाळणे ही कारागिरीची पुढची पायरी नव्हे, ते निराळेच शास्त्र आहे. टी. डब्ल्यू. आय.च्या दुसऱ्या भागात यासाठी एक साधा क्रम सांगितलेला होता: प्रथम वस्तुस्थिती जमवा, मग तिचा विचार करून निर्णय घ्या, त्यावर कृती करा, आणि परिणाम तपासा. वर्गात आम्ही कल्पित गोष्टी घेत नसू. ज्याच्या खात्यात जो तंटा चालू असेल तोच त्याने मांडावा, असा माझा आग्रह असे. एका फोरमनने पहिल्या पाळीला वरचेवर उशिरा येणाऱ्या कामगाराचे प्रकरण मांडले. दोन ताकिदी दिल्या होत्या, तिसरी द्यायची होती. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. उशीर कधीपासून होतो? दररोज होतो की काही ठरावीक वारी? तो राहतो कोठे? याची उत्तरे त्याच्यापाशी नव्हती. पुढच्या आठवड्यात तो चौकशी करून आला: त्या कामगाराच्या गावाहून निघणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ बदलली होती. पाळी बदलून दिली आणि प्रकरण मिटले. तिसरी ताकीद गेली असती तर एक चांगला कामगार बडतर्फीच्या वाटेला लागला असता. या फोरमनने नंतर आपल्या खात्यात वस्तुस्थिती जमविण्याची वही ठेवली आणि ती शेवटपर्यंत चालविली.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे ओळखावे कसे, हा या व्यवसायातील नित्याचा वादविषय आहे. 1959 साली डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अध्यापकाने त्यासाठी चार पातळ्या सांगितल्या: शिकणाऱ्यांना वर्ग कसा वाटला, त्यांना काय कळले, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि त्यामुळे कामाच्या फळात काय फरक पडला. विवेचन अगदी सरळ आहे. तथापि बहुतेक ठिकाणी पहिल्या पातळीपलीकडे कोणी जात नाही, कारण वर्ग सुटताना एक कागद भरून घेणे सोपे असते आणि महिन्याभराने यंत्रापाशी जाऊन उभे राहणे कष्टाचे असते. पुढे, म्हणजे 1990 नंतर, जेव्हा गुणवत्तेची आंतरराष्ट्रीय मानांकने मिळविण्याची धडपड सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवणे अनिवार्य झाले. ही चांगलीच गोष्ट होती. परंतु वर्षाकाठी माणशी इतके दिवस प्रशिक्षण झाले, हा आकडा गाठण्यालाच कित्येक ठिकाणी सारे महत्त्व आले, आणि ज्याला ज्या विषयाची गरज नाही त्याला त्या वर्गात बसवून हजेरीपत्रक भरण्याची रीत पडली. मला याचे दुःख होई, आणि आजही होते. कामगाराच्या आयुष्यातला एक दिवस हा त्याचा असतो. त्याला काही न देता तो घेणे हे अन्यायाचे आहे. मी माझ्यापुरता नियम केला होता की वर्ग संपल्यावर महिन्याच्या आत त्या प्रत्येकाच्या यंत्रापाशी जायचे, जे शिकविले ते तो करतो का ते पाहायचे, आणि करीत नसेल तर का करीत नाही ते विचारायचे. पुष्कळदा उत्तर असे येई की, साहेब, शिकवलंत ते बरोबर आहे, पण तसं करायला लागणारं गेजच आमच्याकडे नाही. मग गेज मिळवून देणे हाही प्रशिक्षणाचाच भाग ठरे.

संगणकाने चालणारी यंत्रे आमच्या कारखान्यात आली तो काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या लेथला चाके नाहीत, हँडल नाही. पडद्यावर अक्षरे आणि आकडे. पन्नाशी ओलांडलेल्या टर्नरांना वाटले की आपली विद्या संपली. त्यांच्यातील एकजण मला म्हणाला, "साहेब, बटणं दाबायला पदविकावाली पोरं आहेत की. आमचं आता काय राहिलं?" या माणसाच्या हाताखाली मी स्वतः उमेदवारीचे पहिले धडे घेतले होते, आणि तो मला साहेब म्हणतो याने मला संकोच होत असे. मी त्याला म्हटले, "दादा, तुम्ही मला शिकवलंत तेच इथं आहे, फक्त हँडल दिसत नाही." आणि ते खरेच होते. मी त्याला पडद्यापुढे न बसविता प्रथम जुन्याच लेथपाशी उभे केले. आडव्या स्लाइडची दिशा ती एक्स, लांबीची दिशा ती झेड. झपाट्याने नुसते सरकायचे तेव्हा जी शून्य शून्य, कापीत सरळ जायचे तेव्हा जी शून्य एक, गोलाई काढायची तेव्हा जी शून्य दोन किंवा शून्य तीन. हत्यार अर्धा मिलिमीटर आत घेतले की व्यास एक मिलिमीटरने उतरतो, हे तर त्याच्या रक्तात भिनलेले होते; नव्या यंत्रात एक्सचा आकडा व्यासाचाच धरतात हे कळल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला, कारण मनातल्या मनात दुप्पट करण्याचे काम आता यंत्रानेच पत्करले होते. इंग्रजी सातवीपर्यंतच शिकलेल्या त्या माणसाने काही आठवड्यांत स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवून दाखविला.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. पदविकाधारक मुले प्रोग्राम सफाईने लिहीत, परंतु हत्याराची धार गेली आहे हे त्यांना जॉब बिघडल्यावर कळे. या दादांना ते आवाजावरून आधीच कळे; बंद दरवाजाआड चाललेल्या कापणीचा सूर बदलला की ते दोन पावले मागे येऊन फेरे कमी करीत. म्हणून मी दोघांची जोडी लावली. मुलाने पडद्यावरील भाषा दादांना शिकवायची, दादांनी कापणीचा आवाज मुलाला ऐकायला शिकवायचा. व्यवस्थापनाला प्रथम हे पसंत नव्हते. एका यंत्रावर दोन माणसे हा खर्च कोण मंजूर करणार? ठरावीक मुदतीपुरती परवानगी मिळाली, आणि त्या मुदतीत मोडलेल्या हत्यारांचा खर्च उतरलेला पाहून ती वाढविण्यात आली. आजही मला कोणी विचारले की तुमच्या नोकरीत तुम्ही काय केले, तर मी या जोड्यांचे नाव घेतो.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांची मला वरचेवर पत्रे येतात. बहुतेकांना सभागृहात उभे राहून बोलण्याची हौस असते. बोलता येणे आवश्यक आहे, परंतु ते दुय्यम आहे असे माझे ठाम मत आहे. ज्याला एखाद्या यंत्राशेजारी दिवसभर गप्प बसून दुसऱ्याचे हात न्याहाळता येतात, ज्याला अशिक्षित माणसाला आदराने प्रश्न विचारता येतो आणि उत्तराची वाट पाहता येते, त्याने खुशाल यावे. त्याने आधी स्वतः काही वर्षे कोणतेतरी काम हाताने करावे, मग ते लेथवरचे असो, रुग्णालयातील शुश्रूषेचे असो, की बँकेच्या खिडकीवरचे असो. पगार इतर विभागांहून कमी असेल, आणि मंदी आली की खर्चाला पहिली कात्री प्रशिक्षणावरच चालेल. ही दोन्ही दुखणी मी सोसली आहेत आणि ती लवकर जातील असे मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर मी भोसरी आणि चाकणच्या लहान कारखान्यांत जाऊ लागलो. मोठ्या कारखान्यांत प्रशिक्षणाचे विभाग आहेत, वर्ग आहेत, पुस्तके आहेत. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात यांपैकी काहीच नसते, आणि वस्तुतः देशातले पुष्कळसे सुटे भाग तेथेच बनतात. तीसहून कमी माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे कायद्याने बंधन नाही. स्वेच्छेने मात्र त्या घेऊ शकतात, आणि 2016 पासून केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा काही हिस्सा सरकार उचलते, हे तेथील मालकांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. मी सांगतो, अर्ज भरून देतो. मग मालक तोच प्रश्न विचारतो जो सर्वत्र विचारला जातो: मुलगा शिकला आणि शेजारच्या मोठ्या कारखान्यात निघून गेला तर? मी त्याला खोटा दिलासा देत नाही. काही मुले जातीलच. जाण्याचा त्यांना हक्क आहे, आणि त्यांच्या घरची परिस्थिती आपण पाहिली तर आपणही त्यांना जाऊ नका म्हणणार नाही. परंतु मुलाला शिकविण्यासाठी म्हणून तुमच्या सर्वांत जुन्या कामगाराकडून आपण जो तक्ता लिहून घेऊ, तो तुमच्यापाशीच राहील, आणि तो लिहून घेताना त्या कामगाराला काय येते हे तुम्हाला पहिल्यांदाच कळेल. एवढे ऐकून बरेचसे मालक तयार होतात, काही होत नाहीत. जे तयार होतात त्यांच्याकडे मी सकाळच्या पाळीला जातो, कारण जुनी माणसे त्या वेळी ताजीतवानी असतात, आणि एक स्टूल मागून घेतो. सध्या चाकणच्या एका कारखान्यात गिअरचे दात कापणाऱ्या यंत्राचा तक्ता चालू आहे. डावा रकाना भरून झाला आहे.